मोठ्या पेशीचा माणूस

त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात नेहमी एक कांदा असे आणि उजव्या खिशात रुमालात गुंडाळलेल्या काचपट्ट्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती, त्यामुळे पहिले काही दिवस त्यांची ओळख मला वासानेच झाली. शेवटी मी धीर करून विचारलं, "सर, कांदा कशाला?"

"हात बसलेला राहावा म्हणून, बाई," ते म्हणाले. "भिंगाखाली आधी कांदा. मग बाकीचं जग."

मालवणच्या उत्तरेला एका लहान बंदरगावातलं ते हायस्कूल. चिऱ्यांची बैठी इमारत, पुढे माड, मागे समुद्र. मी तिथे चित्रकला शिकवायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. घरी मी आणि आई, दोघीच. सर तेव्हा पंचेचाळिशीला आलेले. ते शास्त्र शिकवत. शास्त्रातही सगळं शिकवत, पण जीव एकाच गोष्टीत होता: पेशी. त्यातही पेशीचा आकार. कुणाची लहान का, कुणाची मोठी का, आणि त्यामुळे त्या जिवाच्या जगण्यात काय फरक पडतो. पोरं त्यांना मागून 'पेशवे' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "पेशवे पार अटकेपर्यंत गेले, बाई. मी मुंबईहून परत आलो."

मुंबईला ते बी.एस्सी. होऊन पुढच्या अभ्यासाला लागले होते, तेवढ्यात वडिलांना अर्धांग झालं. ते आले ते आलेच. लग्न केलं नाही. विधवा थोरली बहीण, अक्का, घर बघायची.

सर अतिशय सावकाश होते. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, हसू यायलाही वेळ लागायचा. घंटा झाली की बाकीचे शिक्षक वर्गात पोचून हजेरी घेऊन मोकळे व्हायचे, तेव्हा सर पडवीच्या अर्ध्यावर असायचे. मुख्याध्यापक चिडायचे. सर म्हणायचे, "माझ्या पेशी मोठ्या आहेत. मोठी पेशी धावत नाही." मुख्याध्यापकांना वाटायचं, हा माणूस आपली थट्टा करतो. ते थट्टा करत नसत. त्यांना खरंच तसं वाटायचं, निदान अर्धं तरी.

माणसांची त्यांनी मनातल्या मनात वाटणी केलेली होती. मुख्याध्यापक म्हणजे शेळी: पेशी बारीक, धडपड फार, भूक सारखी. मी वटवाघूळ. "आणि अक्का?" एकदा त्यांच्या घरी मी विचारलं. "अक्काची मोजायची गरज नाही. ती मुंगूस आहे." अक्का आतून ओरडली, "मुंगूस घरात आसा म्हणान तुका दोन टायम जेवूक गावता!"

पण वर्गात ते अशा गमती करत नसत. वर्गात ते दाखवत. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मी दाराशी उभी राहून पाहिली आणि जन्मभर विसरले नाही. त्यांनी चायनाग्रास शिजवून त्यात हळद घातली आणि पिवळी धम्मक वडी थापली. तिचे तीन तुकडे कापले: एक सुपारीएवढा, एक आवळ्याएवढा, एक लिंबाएवढा. तिन्ही तुकडे चुन्याच्या निवळीत टाकले. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे कोकणात कुणालाही सांगावं लागत नाही. तुकडे बाहेरून लाल व्हायला लागले. दुपारी सरांनी सुरीने तिन्ही मधून कापले. सुपारीएवढा आतपर्यंत लाल. आवळ्याएवढ्याच्या पोटात पिवळा ठिपका. लिंबाएवढा कापला तर नुसती साल लाल, आत सगळा पिवळाच.

"चुना म्हणजे अन्न समजा," सर म्हणाले. "अन्न बाहेरून आत जायचं. तुकडा मोठा झाला की पोट वाढतं, पण साल त्या मानाने वाढत नाही. दारं तेवढीच, घरात माणसं भरमसाट. मग मधल्या माणसांनी काय खायचं?" सरांनी लिंबाएवढा तुकडा उचलून दाखवला. "म्हणून पेशी लहान असते. मोठी व्हायची वेळ आली की ती दोन होते."

एक पोरगा मागून म्हणाला, "सर, मग अंडं?"

सर इतके खूश झाले की तास संपेपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही. अंड्याचा पिवळा बलक ही एकच पेशी, हे त्यांचं आवडतं तुणतुणं होतं. "बलक म्हणजे कोठार. कोठाराला कुठे रोज जेवायला लागतं? जिवंत भाग वर टिकलीएवढा." बंदरावरच्या हॉटेलात ते ऑम्लेट मागवत ते असं: "एका पेशीचं आण रे." हॉटेलवाल्याने ते नावच पाडलं होतं. परगावचं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं.

त्यांचा सूक्ष्मदर्शक शाळेचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. पितळी, जड, गोव्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या घरून आणलेला. गोव्याची सरहद्द बंद व्हायच्या आधीची गोष्ट. बांद्याच्या नाक्यावर जमादाराने पेटी उघडायला लावली. तोफेचा सुटा भाग दिसतोय म्हणाला. सरांनी तिथेच बाकावर यंत्र मांडलं, खिशातला कांदा काढला, पापुद्रा सोलला आणि जमादाराला म्हणाले, "बघा." जमादार वाकला तो वाकलाच. मागे बैलगाड्यांची रांग लागली. बऱ्याच वेळाने डोळा चोळत वर आला आणि म्हणाला, "मास्तरानु, ह्यां सगळां कांद्यात आधीपासून आसा?" मग त्याने पेटी स्वतःच्या हाताने बांधून दिली.

माझी आणि सरांची खरी जवळीक झाली ती चित्रांमुळे. त्यांना चित्राचा हात नव्हता. त्यांनी काढलेली पेशी बटाट्यासारखी दिसे. एके दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही काढाल का? मापात?"

मापात हा त्यांचा एकुलता हट्ट. भिंगात एक बारीक पट्टी बसवलेली होती. तिच्या रेघा मोजायच्या आणि सगळ्या जिवांच्या रक्तपेशी एकाच प्रमाणात मोठ्या करून एका तक्त्यावर काढायच्या. डावा डोळा भिंगाला लावायचा, उजवा उघडा ठेवून कागद बघायचा. सुरुवातीला मला घेरी यायची. "दोन्ही डोळे उघडे, बाई," ते मागून सांगायचे. "एक बघतो, एक लिहितो." महिन्याभरात जमलं. शाळेतल्या शास्त्राच्या खोलीत खिडकीतून ऊन यायचं तेवढा वेळच काम चाले. सूर्य माडाआड गेला की बंद.

रक्त ते कुठून कुठून आणायचे! खाटकाकडून शेळीचं, अक्काच्या कोंबड्याचं, बेडकाचं, पालीचं. सकाळी मासळीच्या लिलावाला जाऊन उभे राहायचे. मासे घ्यायचे नाहीत, नुसता एकेक थेंब काचेवर ओढून घ्यायचे. कोळणी हसायच्या. "मास्तरानु, मासो घेवा, रगात फुकट देतंय!"

तक्ता भरत गेला. शेळीची पेशी वाटाण्याएवढी आली. माणसाची चिंचोक्याएवढी. बेडकाची आली ती कोकमाच्या रातांब्याएवढी, लांबट, मध्ये केंद्रक. मी थक्क झाले. "एवढासा बेडूक आणि पेशी आपल्याहून मोठी?"

"तेच तर," सर म्हणाले. "अंगाचा आणि पेशीचा संबंध नाही. वाडा मोठा म्हणून चिरा मोठा नसतो." मग हळूच, जणू कुणाला कळू नये असं, आपला तर्क सांगितला. बारीक पेशीला साल भरपूर, हवा झटकन आत, म्हणून शेळी डोंगर चढते. पण एवढी साल राखायला खर्चही फार, म्हणून तिचं तोंड सारखं चालू. मोठ्या पेशीचा खर्च थोडा. बेडूक दगडाखाली उपाशी महिने काढतो. "धावायचं असेल तर बारीक पेशी. टिकून राहायचं असेल तर मोठी. दोन्ही एकदम मिळत नाही." आणि लगेच बोट वर करून, "असं मला वाटतं. लिहू नका अजून."

सगळं त्यात बसत नव्हतं. मोरी, म्हणजे लहान जातीचा शार्क, चांगला पोहणारा मासा, आणि त्याची पेशी बेडकाच्या तोडीची निघाली. कोंबडीचीही माणसाहून मोठी. मी म्हटलं, "मोरी सोडून देऊ या का तक्त्यातून?" सर इतके दुखावले की दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बसत नाही तर बसत नाही. आपला नियम मोरीला कुठे ठाऊक आहे?"

सावंतवाडीला सर्कस आली तेव्हा रजा टाकून गेले, हत्तीच्या रक्तासाठी. पहिल्या दिवशी माहुताने हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. संध्याकाळी माहूत कंटाळला आणि हत्तीच्या कानामागे सुई लावू दिली. मी चित्र काढलं, रेघा मोजल्या. हत्तीची पेशी चिंचोक्याहून जराशीच मोठी. सर टेबलावर हात आपटून हसले. मी त्यांना एवढं मोठ्याने हसताना एकदाच पाहिलं. "चिरे तेच, बाई! फक्त जास्त!" मग गंभीर होऊन म्हणाले, "कुणी मोठा दिसला की बघावं, जास्त चिऱ्यांनी मोठा आहे की सूज आली आहे."

तक्ता पुरा झाला की मुंबईच्या आपल्या जुन्या प्राध्यापकांना पाठवायचा, असं त्यांचं चाललं होतं. सहा वर्षं मी तो काढत होते. माझ्या तारुण्यातली चांगली दुपार म्हटली की मला ती खोली आठवते, सूक्ष्मदर्शकाच्या आरशावरून वर उडालेलं ऊन, आणि मागे सावकाश येरझारा घालणारी त्यांची पावलं.

आता जे सांगायचं त्याच्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले आहे.

गोवा मुक्त झाला त्याच्या आदल्या वर्षी, दहावीच्या मुलामुलींनी स्वतःचं रक्त भिंगाखाली बघावं असं सरांनी ठरवलं. मुलं जेवढी, तेवढ्या सुया. त्या त्यांनी माझ्यासमोर उकळल्या. प्रत्येक बोट स्पिरिटने पुसलं. एकेक जण आत यायचा, बोट टोचून घ्यायचा, थेंब बघायचा, बाहेर जायचा. सर वहीत नावापुढे खूण करायचे.

शालन आत आली तीच पांढरीफटक. हुशार मुलगी. वडील लाकडा-कौलांचे व्यापारी आणि शाळेच्या कमिटीचे चेअरमन. तापट म्हणून गावात नाव. ती माझा पदर धरून म्हणाली, "बाई, माका नको. पोरां हसतली." मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "नको तर नको." मग मीच माझं बोट पुढे केलं. सरांनी माझा थेंब काचेवर घेतला, शालनने तो पाहिला, हसली, आणि बोटाला कापूस धरून ऐटीत बाहेर गेली. सरांनी वहीत तिच्या नावापुढे खूण केली नाही. रेघ मारली. न घेतलेलं माप घेतलं असं ते कधी लिहीत नसत.

पाच दिवसांनी शालनचं बोट सुजून केळ्याएवढं झालं. ताप चढला. मालवणच्या डॉक्टरांनी बोट चिरलं. मुलगी वाचली, पण दोन दिवस घरात रडारड होती. वडिलांनी विचारलं, काय लागलं होतं? शालन म्हणाली, शाळेत सुई टोचली.

कमिटीची बैठक शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत भरली. शालनचे वडील मध्ये बसले होते. सर उभे. मला साक्षीला बोलावलं. सरांच्या डाव्या हाताखाली ती वही होती. मी ती पाहिली. मिटलेली.

"मुलीला सुई टोचलीत?" वडिलांनी विचारलं.

सरांनी हाताखालची वही सावकाश नीट धरली. त्यांच्या वेळेची सवय आम्हा सगळ्यांना होती. मग म्हणाले, "वर्गाला सुई टोचायचं मी ठरवलं. जे काही झालं, त्याला जबाबदार मी."

"म्हणजे टोचलीत."

सरांनी एकदाच माझ्याकडे बघितलं.

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तिथेच होता. सुया उकळलेल्या होत्या?"

"हो," मी म्हटलं. "मी बघितलं."

"आणि शालनची?"

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. तो कागद याच कमिटीपुढे, पुढच्याच महिन्यात यायचा होता. हे मला त्या क्षणी आठवलं असं नाही. ते माझ्या डोक्यातून कधी गेलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "मी चित्र काढत होते. माझं लक्ष नव्हतं."

सहा वर्षं दोन्ही डोळे उघडे ठेवायला शिकलेली मी!

सरांनी मान खाली घातली. वही उघडली नाही. ती उघडली असती तर रेघ दिसली असती, पण मग मुलगी खोटी ठरली असती, आणि तिच्या बापाच्या हातात घरी काय काय यायचं हे गावाला माहीत होतं. सर त्यासाठी गप्प राहिले. मी माझ्यासाठी गप्प राहिले. बघणाऱ्याला आमचं दोघांचं गप्प बसणं सारखंच दिसलं असेल.

त्यांना काढून टाकलं नाही. यापुढे प्रयोग करायचे नाहीत, सूक्ष्मदर्शक शाळेत आणायचा नाही, पुस्तकातून शिकवायचं, एवढंच सांगितलं. सरांनी तीन महिने पुस्तकातून शिकवलं. खिशातला कांदा गेला. मग त्यांनी राजीनामा दिला आणि कणकवलीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी आजोळची थोडी जमीन होती तिथे अक्काला घेऊन निघून गेले. जाताना तक्ता गुंडाळून नेला. मला म्हणाले, "बाई, हात चांगला आहे. सोडू नका." दुसरं काही बोलले नाहीत. मीही नाही. माझी नोकरी तोवर कायम झाली होती.

शालनला वर्षभरात शाळेतून काढलं आणि पुढे लग्न लावून दिलं. म्हणजे सरांनी जे वाचवलं तेही वाचलं नाही.

मी त्यांना पत्र लिहायला किती वेळा बसले! 'आदरणीय सर' एवढं लिहून व्हायचं. पुढे काय लिहायचं ते मला नीट ठाऊक होतं, म्हणूनच लिहवत नसे. अशी सात वर्षं गेली.

सात वर्षांनी आई वारली, आणि मला कुणासाठी भ्यायचं उरलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी कणकवलीपर्यंत एस.टी.ने गेले, पुढे दुसरी गाडी, मग पायवाट. घर मातीचं, शेणाने सारवलेलं. ओटीवर सर बसले होते. केस पांढरे झालेले. मला बघून उठले, सावकाश, आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं: "बरं झालं आलात. ऊन आहे तोवर एक काढून द्या."

त्यांना घाटाखालच्या ओल्या मातीत एक प्राणी सापडला होता. दिसायला जाड गांडुळासारखा, पण आत हाडं. बेडकाचा बिनपायाचा भाऊबंद. चार वर्षांपूर्वी काचेवर घेतलेलं रक्त त्यांनी जपून ठेवलं होतं. "इथे चित्रकार मिळाला नाही," ते म्हणाले. तक्ता भिंतीला लावलेला होता. एक कोपरा वाळवीने नेलेला. मी सूक्ष्मदर्शकाला डावा डोळा लावला. पेशी बेडकाहून मोठी होती. एवढी मोठी मी पाहिली नव्हती. मी ती मापात काढली. सर मागे उभे. "हा महिनोन् महिने मातीत पडून असतो," ते म्हणाले. "काही मागत नाही."

चित्र झालं. मग मी वळून सगळं एका दमात सांगितलं. नोकरी, कागद, 'माझं लक्ष नव्हतं', सगळं. रडणार नव्हते, रडले.

सर ओटीच्या कडेला बसले. "बाई," ते म्हणाले, "मी तुमच्याकडे बघितलं ते तुम्ही बोलू नये म्हणून. तुम्ही बोलला असता तर पोरगी गेली असती कामातून. माझ्या मनासारखंच वागलात तुम्ही." आणि पाणी प्यायला आत गेले.

मला केवढं हलकं वाटलं! खोटं कशाला सांगू, जेवले तीसुद्धा पोटभर.

परतताना अक्का मला गाडीच्या रस्त्यापर्यंत पोचवायला आली. रस्ता लागला तशी थांबली.

"तेचां बोलणां खरां धरू नको गो," ती म्हणाली. "हयसर इल्यावर दोन वरसां पोस्टमन दिसलो काय तो धावायचो. जल्मात धावलो नाय तो, पण पोस्टमनाक बघून धावायचो. म्हणायचो, बाईचो कागद येतलो. मी म्हटलंय, कित्या येतलो? तर म्हणायचो, येतलो. मगे एक दिवस धावूचो थांबलो."

गाडी आली. अक्काने माझ्या हातात कोकमांची पुडी दिली आणि मागे न बघता गेली.

शाळा उघडल्याच्या दिवशी मी सगळी हकिगत लिहून सही करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. मुख्याध्यापक नवे होते, कमिटीही बदलली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला. "बाई," ते म्हणाले, "हे सर कोण?" मी सांगायला लागले. घंटा झाली. त्यांना तास होता. कागद त्यांनी फायलीत लावून घेतला, एवढं मात्र केलं.

त्याची एक प्रत मी सरांना पोस्टाने पाठवली. पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. अक्षर तेच, एकेक अक्षर वेगळं, टपोरं. 'पत्र पावले. एवढे करायला नको होते. शालनचे बोट आता वाकते का, ते कळवावे.'

मी कार्ड हातात धरून बसून राहिले. शालन त्यानंतर वर्षभर माझ्याच वर्गात होती. तिने माझ्यासमोर चित्रं काढली होती. सात वर्षं मी त्या प्रसंगाचा विचार केला नाही असा दिवस नव्हता, आणि मला सांगता येत नव्हतं तिचं बोट वाकतं की नाही. मी कधी बघितलंच नव्हतं.

शालन लग्न होऊन मुंबईला गेलेली. वडील वारलेले. मी तिच्या आईकडे गेले. म्हातारी अंगणात कोकमं वाळत घालत होती. मी विचारलं तशी तिचा हात थांबला.

"वाकना नाय," ती म्हणाली. "पुढचां पेर तसांच ताठ रवलां." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माका तेव्हाच ठावक होतां, बाई. सुयेन नाय झालां तां. खडपार कालवां काढूक गेल्लां चेडू, बापाशीक न सांगता. कालवाच्या शिंपल्याची धार लागली. माका सांगल्यान, पण बापाशीच्या भयान मी गप रवलंय." थोडं थांबून विचारलं, "मास्तर बरे आसत?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

घरी येऊन मी कोरं कार्ड घेतलं. लिहायला पुष्कळ होतं: शालनच्या आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, शालनला ठाऊक होतं, आणि तुम्हाला एकट्याला घाटाखाली पाठवून आम्ही तिघी आपापल्या घरी राहिलो. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं. मी त्यांनी विचारलं तेवढंच लिहिलं. 'पुढचे पेर ताठ आहे. बोट वाकत नाही.' आणि खाली, ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं नुसती 'बाई' होते त्यांना, माझं पूर्ण नाव.